बिनशंखाच्या गोगलगायीचा रंग

लोक काशीला जातात, कन्याकुमारीला जाऊन सूर्य बुडताना बघतात. आमच्या ओझरचे दोघे तर दुबईला जाऊन नुसत्या काचेच्या इमारती बघून आले आणि वर्षभर त्यावर बोलत राहिले. मी २००१ च्या जानेवारीत सतरा तास एसटीत बसून मालवणजवळच्या एका खेड्यात गेलो, तो अंगठ्याच्या पेराएवढ्या एका गोगलगायीसाठी. कुणी विचारलंच तर सांगता यावं म्हणून हे लिहून ठेवतोय. अजून कुणी विचारलेलं नाही.

गोगलगाय माझी नव्हे, माझ्या मुलीची. वैशाली तेव्हा नाशिकला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. नाशिकला समुद्र नाही, हे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पोहायला जाणाऱ्या पोरांनाही ठाऊक आहे. तरी तिच्या सरांनी प्रबंधाला विषय दिला समुद्रातल्या गोगलगायींचा. या गोगलगायींना शंख नसतो, अंगावर मात्र अशी रंगरंगोटी असते की लग्नाच्या बँडवाल्यांनी लाजावं. त्यात तिच्या वाट्याला आल्या दोन जाती. दोन्ही साईच्या रंगाच्या, दोन्हींना नारिंगी किनार आणि दोन्हींच्या पाठीवर ठिपके. फरक एकच. एकीचे ठिपके जांभळे आणि दुसरीचे तपकिरी. फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातल्या की आठ दिवसांत दोघींचा रंग उतरतो आणि बाटलीत उकडलेल्या लसणाच्या पाकळीसारखं काहीतरी तरंगत राहतं.

वैशालीने आदल्या वर्षी मालवणहून अशाच दोन पाकळ्या आणल्या होत्या. फोटोही काढले होते. नाशकातल्या स्टुडिओने ते धुऊन दिले तेव्हा गोगलगाय हिरवट आली होती आणि बाजूला उभी असलेली वैशालीची मैत्रीणही हिरवट आली होती. सर म्हणाले, "जिवंत प्राण्यासमोर बसून जुळवलेली रंगाची पट्टी जोडा, तर प्रबंध पुढे पाठवतो. नाहीतर पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे ज्याला मुलीच्या लग्नाबद्दल विचारणारे नातेवाईक आहेत त्यालाच कळेल.

रंग जुळवायचा म्हटल्यावर घरात माझ्याकडे बघितलं गेलं. ते साहजिक होतं. विमानाच्या कारखान्यात रंगखात्यात मी चोवीस वर्षं काढली. नमुन्याचा पत्रा समोर ठेवा, मी डबे मिसळून तसाच रंग काढून देणार. भिंतीच्या डिस्टेंपरपासून बायकोच्या ब्लाऊजपीसपर्यंत रंगाच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझा. त्याच्या दोन वर्षं आधी मी पाठीचं कारण सांगून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. पाठ ठणठणीत होती. एका सकाळी मी पास केलेले दोन पत्रे शेजारच्या पोरसवदा कामगाराने हळूच बाजूला काढले आणि म्हणाला, "काका, हे दोन वेगळे दिसतात हो." मला ते एकच दिसत होते. त्याने कुणाला सांगितलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही, आणि लगेच पाठ धरली.

त्यामुळे वैशाली म्हणाली, "पप्पा, तुम्ही चला," तेव्हा नाही म्हणायचं खरं कारण माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "चल, त्यात काय एवढं!"

बायको सटाण्याकडची. राग आला की ती माहेरच्या अहिराणीत शिरते. "गोगलगाय देखाले इतलं दूर कोनी जास का?" तिने विचारलं, आणि दोन दिवसांचा शेंगदाण्याचा कूट, बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. कोकणात अन्न मिळत नाही अशी तिची ठाम समजूत होती.

ओझर ते मालवण

एसटीच्या प्रवासावर मी लिहिणार नाही. ज्यांनी केला आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी केला नाही त्यांचं वाईट कशाला चिंतायचं? कोल्हापूरला पहाटे चहा घेतला, घाटात माझ्या पुढच्या बाईने खिडकीतून आपलं जेवण परत केलं आणि वारा माझ्या दिशेने होता, एवढं पुरे.

सरांनी एका काकींचा पत्ता दिला होता. शालिनीकाकी म्हणजे साठीची काटक बाई, एकटी राहायची, दोन खोल्या भाड्याने द्यायची. उंबऱ्यातच तिने माझी चौकशी सुरू केली.

"खंयसून इलास?"

"नाशिकहून."

"नाशकाक दर्या आसा?"

"नाही."

"मगे मासे खंयचे खातास?"

मी सांगितलं की आम्ही मासे क्वचितच खातो, धरणातले. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरदार विकून खाल्लं आहे असं सांगितलं असावं. मग वैशालीकडे वळून म्हणाली, "पोरगी सुकली ती उगाच न्हय."

दुपारी तिने बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी वाढली. आमच्याकडे रस्सा लाल असतो आणि ताक पांढरं. इथे रस्सा नारळाने फिका आणि ताकाच्या जागी गुलाबी पाणी. मी बांगडा वांग्यासारखा दाबून खाल्ला आणि पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. काकीने न बोलता सुक्या भाताचा मोठा गोळा माझ्या हातात दिला. तो गिळून काटा गेला तेव्हा ती म्हणाली, "काटो काढून खावचो असता." माहिती मोलाची होती, जरा आधी मिळाली असती तर बरं झालं असतं. बायकोच्या भाकरी मात्र काकीने कौतुकाने खाल्ल्या आणि चटणीचा डबा फडताळात ठेवून दिला. तो परत मिळाला नाही.

पहिली संध्याकाळ

अमावास्येच्या आसपास ओहोटी मोठी लागते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. आम्ही साडेचारला खडकांवर पोचलो. वैशाली दर पावलाला "पप्पा, सांभाळून" म्हणत होती, आणि घसरून आधी तीच बसली. मीही मागे राहिलो नाही. काकी आमच्यापुढे अनवाणी, हातात लोखंडी कोयतुलं घेऊन, खडकाला चिकटलेली कालवं फोडत भराभर चालली होती. तिला बघून मला माझ्या नव्या कॅनव्हासच्या बुटांची लाज वाटली.

खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात वैशाली वाकून वाकून बघत होती. अर्ध्या तासाने तिने मला हाक मारली. आवाज चोरून, जणू ती गोगलगाय पळून जाणार होती.

खरं सांगतो, माझी चेष्टा तिथे जरा थांबली. साईचा रंग, कडेने नारिंगी रेघ, अगदी बारीक ब्रशने एका दमात ओढावी तशी. पुढे दोन शिंगं आणि पाठीच्या मागच्या टोकाला कल्ल्यांचा तुरा, पाण्यात हळूच उघडमीट करणारा. आणि पाठभर ठिपके. आमच्या खात्यात कुणी असं काम केलं असतं तर मी त्याच्या पाठीवर थाप मारली असती.

वैशालीने दोन गोगलगायी पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत पाण्यासकट घेतल्या. मी खडकावर रंगाच्या ट्यूबा मांडल्या. साय जमली. नारिंगी तर पहिल्या फटक्यात जमला. मग ठिपक्याचा रंग मिसळून कागदावर ओढला.

वैशालीने कागद जवळ ओढून बघितला. मग म्हणाली, "पप्पा, हा तपकिरी झालाय."

"मग?"

"मला तो जांभळट वाटतोय."

"हे बघ," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य अगदी खरं होतं, "संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात रंग जुळवायचा नसतो. सकाळचा प्रकाश लागतो. हा पहिला नियम आहे." नियमाच्या आड लपायला किती जागा असते हे मला तेव्हा कळलं.

पोरीने मान डोलावली. गोगलगायी बादलीत घालून आम्ही घरी आणल्या. रात्री तिने वहीत लिहिलेलं मी बघितलं. 'ठिपके : जांभळे?' आणि त्याखाली 'पप्पांच्या मते तपकिरी.'

दुसरा दिवस

सकाळी उठलो तर बादली पालथी वाळत ठेवलेली.

"काकी, यातलं पाणी?"

"घाण पाणी होता ता? माडाक घातलंय," काकी म्हणाली. "खारा पाणी माडाक बरा."

माडाच्या बुंध्याशी तासभर आम्ही बाप-लेक गुडघ्यावर बसून होतो. चिखल, सुकलेल्या झावळ्या आणि मुंग्या. मुंग्या मोठ्या आनंदात दिसत होत्या. कॉलेजातली पोरगी सतरा तासांचा प्रवास करून कोकणात येते आणि तिचा प्रबंध मुंग्या खातात, असं मी म्हणालो. वैशाली हसली नाही. उठली, आत गेली आणि पाठ फिरवून बसली. ती रडत होती.

काकीला काय झालं ते कळेना. मी सांगितलं. "खाऊचा नाय, इकूचा नाय, तर धरतास कित्याक?" एवढं तिने विचारलं. मी म्हणालो, "परीक्षेसाठी." परीक्षा हा शब्द तिला लगेच समजला. तिने कपाळावर हात मारला आणि दिवसभर आम्हाला दोनदा चहा आणि तीनदा घावणे खायला घातले. आमच्याकडे माणूस चुकला की आधी दुसऱ्याची चूक शोधतो. इथे आधी चूल पेटवतात. ही पद्धत बरी आहे, पोट भरतं.

संध्याकाळच्या ओहोटीला आम्ही दोन तास शोधलं. शेवाळ सापडलं, खेकडे सापडले, माझ्या बुटाचा तळवा निघून आला. गोगलगाय मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी अकराची एसटी होती आणि सोमवारी सरांकडे पट्टी द्यायची होती. उरली एक सकाळ.

परतताना वैशाली म्हणाली, "उद्या मिळाली तर प्रकाश चांगला असेल ना?"

"असेल," मी म्हणालो. मला त्याचीच भीती वाटत होती. प्रकाश वाईट असता तर माझी अब्रू वाचली असती. आणि मनातल्या मनात मी चक्क देवाला म्हणालो की उद्या गोगलगाय मिळू नये. स्वतःच्या पोरीचं वर्ष बुडावं अशी प्रार्थना करणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही. नंतर स्वतःचीच किळस आली.

तिसरी सकाळ

देवाने माझं ऐकलं नाही. उजाडता उजाडता काकी स्वतःच आमच्यापुढे खडकांवर गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती एका खळग्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ह्या बघा तुमचा परीक्षेचा," ती म्हणाली. "रंग काय पण! पिकल्या जांभळासारो."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी ट्यूबांकडे बघितलं.

सव्वासात झाले होते. आकाश स्वच्छ, ऊन अजून खडकांवर आलेलं नाही, सगळीकडे सारखा पांढरा प्रकाश. असा प्रकाश कारखान्यात आम्हाला वर्षातून चार दिवस मिळायचा. गोगलगाय ताटलीत आली. मी मिसळलं, ओढलं. वैशालीने ताटलीजवळ कागद धरला.

"तपकिरीच आहे, पप्पा."

"पण ताटलीत कसा दिसतोय?"

"मला जांभळा दिसतोय." ती थांबली. "काकींनाही." मग कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "पण तुम्ही तपकिरी म्हणताय म्हणजे पाण्यामुळे आम्हाला तसा वाटत असेल. तुमची नजर आमच्यापेक्षा पक्की आहे." आणि तिने वही उघडली. 'जांभळे?' वर काट मारली आणि खाली लिहिलं, 'ठिपके : तपकिरी.'

मी बघत होतो. एम.एस्सी.ची मुलगी, स्वतःच्या दोन डोळ्यांनी बघते आहे आणि बापाच्या शब्दावर खोटं लिहिते आहे. ही सवय मीच तिला लावली होती. लहानपणी तिने चित्रात झाड निळं रंगवलं तर मी खोडून हिरवं करून दिलं होतं.

मी एक शेवटची गोष्ट करून बघितली. कागदाच्या कोपऱ्यावर तपकिरी ट्यूब सरळ पिळून एक ठिपका काढला. शेजारी जांभळ्या ट्यूबचा एक. ट्यूबांवर नावं होती म्हणून मला कळत होतं कोणती कोणती. कागद हातात फिरवला, पुन्हा बघितला. दोन्ही ठिपके सारखेच मातकट. एक जरा गडद, बस.

"वैशू," मी म्हणालो, "ते खोड."

"काय?"

"तपकिरी लिहिलंय ते खोड. मला दिसत नाही."

"पाणी हलतंय का?"

"पाणी नाही गं. मला जांभळा दिसत नाही. निळाही धड दिसत नाही. दोन वर्षं झाली. पाठीला काहीही झालेलं नाही."

काकी कालवं फोडायची थांबली होती, तिने पुन्हा सुरुवात केली. वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिने ओरडायला हवं होतं. सतरा तास, दोन गोगलगायी, तीन ओहोट्या, आणि रंग जुळवायला आणलेला माणूस रंगांधळा.

"डॉक्टरला दाखवलं?"

"नाही."

"का?"

"दाखवलं असतं तर खरं झालं असतं."

"आणि मी आत्ता हे लिहून दिलं असतं तर?" तिचा आवाज चढला. "ही दुसरीच जात ठरली असती, पप्पा! माझ्या नावावर, कायमची! आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "लाज वाटली." एवढंच खरं होतं.

तेवढ्यात काकीने लांबून हाक दिली, "पाणी चढाक लागला काय उठा, थंय बसू नकात!" खळग्याच्या कडेवरून पहिली लाट आत आली आणि माझे मोजे भिजले.

वैशालीने डोळे पुसले, कागद पुढ्यात ओढला आणि म्हणाली, "मिसळा. मी सांगते."

जांभळा मी लेबल वाचून घेतला. ती म्हणाली, "फार निळा." मी किंचित लाल घातला. "आता फार लाल. थोडा मागे." मागे जाता येत नाही, रंगात पुढेच जावं लागतं, हे मी तिला सांगितलं आणि निळ्याचा एक थेंब घातला. "मेलाय जरा." मग पांढऱ्याचं टोक. किती पांढऱ्याने रंग उठतो आणि किती पांढऱ्याने दुधाळ होतो, हे माझ्या हाताला माहीत होतं, त्याला डोळा लागत नव्हता. ती "हाच!" म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "मग अजून एक कण गडद हवा. हा वाळल्यावर फिका पडतो."

"पण मग आत्ता जुळणार नाही."

"आत्ता जुळला तर उद्या जुळणार नाही."

तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं. आत्ताच मी तिच्यापुढे दोन वर्षांचं खोटं कबूल करून मोकळा झालो होतो. तरी ती म्हणाली, "घाला." मी एक कण घातला. माझ्या डोळ्यांपुढे नुसता मातकट चिखल होता आणि त्यात मी आयुष्यातला सगळ्यात जोखमीचा रंग काढत होतो.

चार पट्ट्या ओढल्या. पाणी घोट्यापर्यंत आलं. गोगलगाय विज्ञानाच्या सेवेसाठी बाटलीत गेली, तिचं मत कुणी विचारलं नाही. एसटीत पट्ट्या वाळत गेल्या. कणकवली गेल्यावर वैशालीने त्या उजेडात धरल्या, बराच वेळ बघितल्या आणि म्हणाली, "आता बरोबर झाला." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. माझ्यावरचा राग गेला नव्हता, हे तिने पुढे चार दिवस घरात न बोलून दाखवून दिलं.

ओझर, एप्रिल

प्रबंध पास झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रंगाच्या पट्टीवर बोट ठेवून, "हे चांगलं काम आहे," म्हटलं आणि सरांनी आपण स्वतः लक्ष घातल्याचं सांगितलं. मीही शेवटी डोळे दाखवले. दोन्हींत मोतीबिंदू पिकला होता आणि त्याच्या पिवळट पडद्यामुळे निळा-जांभळा मातकट दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" मी त्यांना पाठीचं सांगितलं नाही. कारखान्यात मात्र जाऊन सांगितलं, साहेबांना आणि त्या पोरसवदा कामगारालाही. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, काका." शहाणा मुलगा आहे.

एकामागोमाग एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी घरी आलो तर माझं घर मला निळं दिसत होतं. दारापुढची बादली निळी, बायकोची साडी निळी, आकाशाचं तर विचारूच नका. बायको म्हणाली, "इतलं काय देखतस माले?" मी म्हणालो, "ही साडी हिरवी नाही?" तिने कपाळाला हात लावला.

मग मी वैशालीकडे प्रबंध मागितला आणि खिडकीशी जाऊन तिसऱ्या पानावरची पट्टी बघितली. चोवीस वर्षांची सवय आहे, जीभ आवरली नाही.

"यात निळा जरा जास्त झालाय," मी म्हणालो.

वैशाली शेजारी येऊन उभी राहिली. तिने पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही बघितलाय का तो रंग, पप्पा?"

मी ताटलीपुढे दोन वेळा बसलो होतो, नाक पाण्याला लागेपर्यंत वाकलो होतो. तरी मला खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणालो, आणि प्रबंध तिच्या हातात दिला.